रोसुवास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) सुरू केल्यापासून वडिलांच्या मांड्या दुखतात. गोळी बंद करावी का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. वडिलांसाठी विचारतोय. वय ५८, मधुमेह ६ वर्षं, बीपी ३ वर्षं. हृदयविकाराचा झटका, स्टेंट, पक्षाघात यांपैकी काही झालेलं नाही. घर शाकाहारी, तूप वरणभातापुरतंच.

दीड महिन्यापूर्वीचे रिपोर्ट: एकूण कोलेस्टेरॉल २३६, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १९०, एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) १६०. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.०, एसजीपीटी (यकृताची तपासणी) ५२. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड १.

चालू औषधं: मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, ॲम्लोडिपिन ५ सकाळी. या रिपोर्टनंतर रोसुवास्टॅटिन १० रात्री सुरू झालं. जेवणानंतर जळजळ होते म्हणून त्याच वेळी पातळ अँटासिडचे दोन चमचे घेतात.

तिसऱ्या आठवड्यापासून दोन्ही मांड्या आणि दंड ठणकतात. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. चार दिवसांपूर्वी त्यांनी स्वतःहूनच गोळी थांबवली. फॅमिली डॉक्टर पुढच्या आठवड्यात भेटतील. तोवर समजून घ्यायचं आहे:

१. खाण्यात फारसं काही नसताना एलडीएल १६० कसं?
२. ही गोळी नेमकं काय करते?
३. दुखणं गोळीचंच आहे हे कसं ओळखायचं?
४. साखर वाढते, लिव्हर खराब होतं, हे कितपत खरं?
५. गोळीऐवजी दुसरं काही आहे का?

निशिगंध

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहिते. दुखण्याबद्दल इथले दुसरे जाणकार लिहितीलच.

शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते शरीर स्वतः तयार करतं, आणि या कारभारात मुख्य वाटा यकृताचा. म्हणून शाकाहारी माणसाचं एलडीएल वाढलेलं दिसलं की आश्चर्य वाटायचं कारण नाही. रक्तातली पातळी ठरते ती यकृत किती बनवतं आणि रक्तातून किती परत उचलतं, या हिशेबावर. यातलं 'उचलणं' जास्त महत्त्वाचं आहे आणि स्टॅटिनची (रोसुवास्टॅटिन ज्या गटातलं, त्या गोळ्यांची) सगळी किमया तिथेच आहे.

यकृताच्या पेशीवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर असतात. रिसेप्टर एलडीएलचा कण पकडतो, पेशीच्या आत नेऊन सोडतो आणि पुन्हा पृष्ठभागावर येतो. ही एक फेरी साधारण दहा मिनिटांची, आणि एकच रिसेप्टर अशा शेकडो फेऱ्या मारतो. ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं ते याच शोधासाठी.

स्टॅटिन यकृतातल्या 'एचएमजी-कोए रिडक्टेज' या एन्झाइमला अडवतं. कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतली सगळ्यात मोक्याची पायरी ती. घरचं उत्पादन घटलं की पेशीला कोलेस्टेरॉलची चणचण भासते आणि ती जास्त रिसेप्टर बनवून पृष्ठभागावर उभे करते. हे वाढीव रिसेप्टर रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. म्हणजे गोळी रक्तात जाऊन काही 'विरघळवत' नाही. ती यकृताला भुकेलं ठेवते. गोळी थांबली की काही दिवसांत उत्पादन पूर्ववत होतं, रिसेप्टर कमी होतात आणि दोन-चार आठवड्यांत एलडीएल जुन्या आकड्याला येऊन टेकतं. 'एकदा सुरू केली की सुटत नाही' असं लोक म्हणतात, पण ही सवय लागण्यातली गोष्ट नाही. चष्मा काढला की धूसर दिसतं, त्यातला प्रकार आहे.

डोस दुप्पट केला तर परिणाम दुप्पट का होत नाही, हेही यातूनच कळतं. यकृत रिसेप्टर वाढवतं तेव्हा सोबत पीसीएसके९ नावाचं प्रथिनही वाढवतं आणि ते रिसेप्टर मोडीत काढतं. त्यामुळे डोस दर वेळी दुप्पट केल्यावर एलडीएल मूळ आकड्याच्या फक्त ६ टक्क्यांच्या आसपास आणखी उतरतं. रोसुवास्टॅटिन १० ने साधारण ४५ टक्के घट होते, २० ने ५० च्या थोडी वर. तुमच्या वडिलांच्या १६० चा हिशेब मांडा: १० मिग्रॅ वर ८८ च्या आसपास, २० वर ७७-७८. १० मिग्रॅ सोबत इझेटिमाइब १० दिलं तर ७० च्या आसपास. इझेटिमाइब लहान आतड्यातली कोलेस्टेरॉल शोषणारी वाट अडवतं आणि उरलेल्या एलडीएलमधून आणखी पाचवा हिस्सा कमी करतं. म्हणून डोस चढवत नेण्यापेक्षा दोन वेगळ्या वाटांनी जाणं अनेकदा सोपं पडतं.

७० चा आकडा कुठून आला? कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांना जास्त जोखमीच्या गटात धरलं आहे आणि त्यांच्यासाठी एलडीएल ७० च्या खाली सांगितलं आहे. झटका येऊन गेलेल्यांसाठी ५५ च्या खाली. तुमच्या वडिलांना दोन्ही आजार आहेत, तेव्हा लॅबच्या रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा त्यांच्या उपयोगाची नाही.

हा सगळा खटाटोप आकड्यासाठी नाही. धमनीच्या भिंतीत चरबीचा मऊ गाभा साठतो आणि त्यावर तंतूंचं पातळ झाकण असतं. झाकण फाटलं की तिथे रक्ताची गुठळी होते, तोच झटका. एलडीएल बराच काळ कमी राहिलं की गाभा आटतो, झाकण जाड होतं, काही भागात कॅल्शियम भरतं. (म्हणून स्टॅटिन चालू असताना कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या धमन्यांतल्या कॅल्शियमचं स्कॅनवरचं मोजमाप, वाढलेला दिसला तर घाबरू नये.) १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या अभ्यासात सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पुढच्या अनेक अभ्यासांची बेरीज सांगते की एलडीएल दर ३९ ने उतरलं की झटका-पक्षाघातासारख्या घटना साधारण पाचव्या हिश्श्याने घटतात.

एक विनंती. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केलेलं दिसत नाही. जेवण साधं असून एलडीएल १६०, त्यात स्नायू दुखतात. थायरॉइड तपासल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नका.

खलबत्ता

तिसऱ्या प्रश्नावर नीट लिहितो, कारण गोळ्या सुटतात त्या इथेच.

स्टॅटिनच्या स्नायुदुखीची ठेवण ठरलेली आहे. दोन्ही बाजूंना सारखी. मांड्या, कंबरेचा खालचा भाग, पोटऱ्या, खांदे, दंड असे मोठे स्नायू. बहुतेकदा गोळी सुरू झाल्यापासून किंवा डोस वाढल्यापासून चार ते सहा आठवड्यांत. जड पडल्यासारखं, दिवसभर धावपळ केल्यावर दुखावं तसं. एकच गुडघा दुखणं, पायाला मुंग्या येणं, रात्री पोटरीत गोळा येणं, बोटांची पेरं आखडणं हे सहसा स्टॅटिनचं नसतं. गुडघा सांध्याचा, मुंग्या नसांच्या. मधुमेह ६ वर्षांचा आहे, म्हणून हा फरक त्यांना विचारून पक्का करा: बोट ठेवून दाखवायला सांगा, मांडीचा मांसल भाग दाखवतात की सांधा.

तुमच्या वर्णनात दोन्ही मांड्या, दंड आणि तिसरा आठवडा आहे. ठेवण जुळते. तरीही जुळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. २०२२ साली १९ अभ्यासांतली माहिती एकत्र तपासली गेली. त्यांत अर्ध्या लोकांना खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, कोणाला काय मिळतंय हे कोणालाच माहीत नाही. स्नायू दुखतात असं सांगणारे स्टॅटिन गटात २७.१ टक्के, पोकळ गोळीच्या गटात २६.६ टक्के. साठीच्या आसपास माणसाचे स्नायू दुखतातच, आणि गोळी चालू असली की वड्याचं तेल वांग्यावर निघतं. पण याचा अर्थ वडिलांचं दुखणं खोटं आहे असा अजिबात घेऊ नका. दुखणं खरंच असतं. प्रश्न फक्त कारणाचा असतो. शिवाय जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणं हे नुसतं दुखणं नाही, ती ताकद कमी झाल्याची खूण आहे. ती हलक्यात घ्यायची नाही.

आता करायचं काय, क्रमाने.

सीपीके ही रक्ततपासणी करा, स्नायूंना इजा झाली की हा आकडा वाढतो. त्याआधी दोन-तीन दिवस जड व्यायाम, ओझी उचलणं, दंडात किंवा कमरेत घेतलेलं इंजेक्शन नको. या सगळ्याने आकडा फुगतो. पुरुषांत साधारण २०० पर्यंत चालतं. लक्षणं आहेत आणि आकडा चौपटीच्या आत आहे, तर घाई नाही. दहापटीच्या वर, म्हणजे २,००० च्या पुढे असेल, तर गोळी बंदच ठेवायची आणि त्याच दिवशी क्रिएटिनिन व लघवी तपासायची. सोबत टीएसएच आणि व्हिटॅमिन डी करा. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतं, सीपीके वाढतं, स्नायू कमजोर होतात आणि स्टॅटिन सोसण्याची क्षमताही घटते. एकाच कारणाची ही चार टोकं आहेत.

गोळी थांबवलीच आहे, तर डॉक्टरांशी बोलून दोन ते चार आठवडे थांबू द्या आणि तारीख लिहून ठेवा. रोज रात्री दुखण्याला ० ते १० असा आकडा द्यायचा, वहीत एक ओळ पुरे. स्टॅटिनची दुखी असेल तर बहुधा दोन-तीन आठवड्यांत उतरते. महिन्याभरानंतरही तशीच राहिली तर चोर दुसरा आहे. उतरली तर पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती बहुतेक जण गाळतात: पुन्हा सुरू करून पाहणं. कमी डोस, किंवा दुसरं स्टॅटिन. परत दुखलं तर संशय बळावतो, नाही दुखलं तर प्रश्न तिथेच मिटतो. किमान दोन वेगवेगळी स्टॅटिन, त्यातलं एक सगळ्यात कमी डोसात, एवढं करून पाहिल्याशिवाय 'यांना स्टॅटिन चालत नाही' हा शिक्का मारत नाहीत.

रोसुवास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतं, निम्मं उतरायला सुमारे १९ तास लागतात. त्यामुळे रोज न सोसणाऱ्यांना ५ मिग्रॅ एक दिवसाआड किंवा आठवड्यातून तीनदा देता येतं. परिणाम रोजच्या गोळीपेक्षा कमी, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ जास्त.

थांबून वाट बघायची नाही अशी एकच परिस्थिती: लघवी काळ्या चहाच्या रंगाची होणं, अंग फार दुखणं, ताप, पाय उचलता न येणं. यात स्नायू वितळून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं. हे अत्यंत विरळ आहे, पण झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात दाखल व्हावं लागतं.

को-एन्झाइम क्यू१० बद्दल कोणी तरी विचारेलच म्हणून: ते त्याच साखळीत बनतं, त्यामुळे स्टॅटिनने रक्तातली पातळी उतरते हे खरं. पण ते गोळीतून दिल्याने दुखणं थांबतं, असं चाचण्यांत ठामपणे दिसलेलं नाही. महाग आहे. आधी टीएसएचला पैसे घाला.

औषधाचं कपाट

वरच्या दोन्ही प्रतिसादांना अनुमोदन. गोळी घेण्यातली एक चूक मात्र कोणी सांगितली नाही: रोसुवास्टॅटिन आणि अँटासिड एकाच वेळी.

ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ अँटासिड रोसुवास्टॅटिनसोबत घेतलं की गोळीचं शोषण जवळपास निम्म्याने घटतं. म्हणजे पाकिटावर १०, पोटात ५ च्या आसपास. अँटासिड घ्यायचंच असेल तर रोसुवास्टॅटिननंतर किमान दोन तासांनी. सोपा उपाय असा की रोसुवास्टॅटिन सकाळी न्याहारीच्या वेळी घ्या. ही गोळी आणि अॅटोर्वास्टॅटिन दिवसात केव्हाही चालतात, फक्त रोज वेळ एकच ठेवा. 'कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीच' हा नियम जुन्या, लवकर उतरणाऱ्या सिम्वास्टॅटिनसाठी होता. तो तिथे अजूनही लागू आहे.

आता याची दुसरी बाजू पाहा. शोषण निम्मं होऊनही दुखतंय, हे मला खटकतं. एक तर स्नायू आधीच कशाने तरी कमकुवत आहेत, किंवा दुखण्याचा गोळीशी फारसा संबंध नाही. टीएसएचचा आग्रह योग्यच आहे.

डोसाबद्दल: अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात आशियाई वंशाच्या लोकांना, त्यात भारतीयही आले, रोसुवास्टॅटिन ५ मिग्रॅ पासून सुरू करायला सांगितलं आहे, कारण त्यांच्या रक्तात त्याची पातळी सुमारे दुप्पट दिसते. आपल्याकडे सर्रास १० ने सुरुवात होते. बहुतेकांना ते सोसतं, पण दुखणाऱ्या माणसाला परत सुरू करताना ५ मागायला संकोच करू नका.

सोबतच्या औषधांचा गोंधळ स्टॅटिनगणिक वेगळा असतो. सिम्वास्टॅटिन आणि अॅटोर्वास्टॅटिन यकृतातल्या एका विशिष्ट एन्झाइमने मोडतात. तेच एन्झाइम अडवणारी औषधं आली की स्टॅटिन रक्तात साचतं. यात क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही घसा-छातीच्या संसर्गाची अँटिबायोटिक, इट्राकोनॅझोल हे नायट्याचं औषध, डिल्टियाझेम आणि व्हेरापॅमिल या हृदयाच्या गोळ्या येतात. आपल्याकडे नायट्यासाठी इट्राकोनॅझोल आठवडेच्या आठवडे दिलं जातं आणि त्वचेच्या डॉक्टरांना स्टॅटिन चालू असल्याचं कोणी सांगतच नाही. अवघड स्नायुदुखीची बरीच प्रकरणं अशी घडतात. वडील घेतात ते ॲम्लोडिपिन रोसुवास्टॅटिनसोबत बिनधास्त चालतं. सिम्वास्टॅटिन असतं तर मात्र २० मिग्रॅ च्या वर न्यायचं नाही.

रोसुवास्टॅटिनची स्वतःची पथ्यं: वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढतो, तपासायचा. सायक्लोस्पोरिन (अवयव प्रत्यारोपणानंतर देतात ते औषध) घेणाऱ्यांना ५ मिग्रॅ ची कमाल मर्यादा. मूत्रपिंड फारच मंद असेल तर ५ ने सुरुवात आणि १० च्या वर नाही. सगळ्याच स्टॅटिनसोबत जेमफायब्रोझिल (ट्रायग्लिसराइड कमी करणारं औषध) टाळायचं. २००१ साली सेरिवास्टॅटिन बाजारातून मागे घ्यावं लागलं, ते स्नायू वितळण्याच्या प्रकरणांमुळे. त्यातली अनेक जेमफायब्रोझिल सोबत घेतल्याने घडली होती. ट्रायग्लिसराइडसाठी स्टॅटिनला जोड द्यायचीच असेल तर फेनोफायब्रेट देतात. तुमच्या १९० ला त्याची गरज नाही. साखर आटोक्यात आली की तो आकडा आपोआप उतरतो. ५०० च्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा गोष्ट वेगळी. गाऊटसाठी (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) कोल्चिसिन सुरू झालं तरी डॉक्टरांना स्टॅटिनचं सांगा, दोघं मिळून स्नायूंना त्रास देतात.

अजून एक. रोसुवास्टॅटिनच्या एकत्रित कॅप्सूल बऱ्याच आहेत: कशात ॲस्पिरिन, कशात क्लोपिडोग्रेल, कशात फेनोफायब्रेट. दुकानात 'तीच, पण दुसऱ्या कंपनीची' म्हणून पट्टी मिळाली तर मागचं बारीक अक्षर वाचा, घटक आणि मिग्रॅ दोन्ही. जनऔषधी केंद्रातलं साधं रोसुवास्टॅटिन घ्यायला काहीच हरकत नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. टीएसएच, सीपीके, व्हिटॅमिन डी उद्या सकाळी करून घेतो. लघवीचा रंग नेहमीचाच आहे, ताप नाही. साखर आणि लिव्हरचं कोणी सांगेल का? आणि काकू गुग्गुळ आणि लसूण-आल्याचा काढा घ्या म्हणतायत.

रानजाई

साखर वाढते, हे खरं आहे आणि त्याचं मोजमापही झालेलं आहे. २०१० साली ९१,००० हून अधिक लोकांच्या माहितीवरून हिशेब निघाला: २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर त्यातल्या एकाला, एरवी झाला नसता असा मधुमेह होतो. तोही मुख्यतः आधीच काठावर असलेल्यांना. वडिलांना मधुमेह आहेच. त्यांच्यात एचबीए१सी ०.१ च्या आसपास सरकेल, जो फरक तुम्हाला रोजच्या साखरेच्या वहीत दिसणारही नाही. ७.४ चं ७ वर आणायचं ते चालण्याने, जेवणाने, मेटफॉर्मिनच्या डोसाने. मधुमेही माणसाला शेवटी त्रास देतात त्या धमन्या, आणि ही गोळी आहे ती त्यांच्यासाठीच. साखरेच्या भीतीने मधुमेह्याचं स्टॅटिन थांबवणं मला अजिबात पटत नाही.

लिव्हर: एसजीपीटी ५२ आणि ग्रेड १ फॅटी लिव्हर या कारणाने स्टॅटिन नाकारत नाहीत. सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर ८ ते १२ आठवड्यांनी एकदा एसजीपीटी पाहावा. वरच्या मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे साधारण १२० च्या वर गेला तर आठवड्याभराने परत करायचा, आणि तेव्हाही वाढलेलाच असला तर डोस कमी किंवा बंद. बऱ्याचदा थोडासा वाढतो आणि गोळी चालू असतानाच खाली येतो. २०१२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दर काही महिन्यांनी लिव्हर तपासायची अटही काढून टाकली, कारण गंभीर इजा इतकी विरळ की नियमित तपासणीने ती पकडली जात नव्हती. डोळे पिवळे होणं, लघवी गडद, भूक मरणं, उजव्या बरगडीखाली दुखणं ही लक्षणं लक्षात ठेवा. मद्य घेत असतील तर ते सांगा, तिथे हिशेब बदलतो.

गुग्गुळ. आदराने सांगते, कारण आपल्याकडे त्याला मोठी परंपरा आहे आणि लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यावर बरंच कामही केलं. पण २००३ साली पोकळ गोळीशी तुलना करून चाचणी झाली तेव्हा गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्यांचं एलडीएल कमी व्हायच्या ऐवजी थोडं वाढलं, काहींना अंगावर पुरळ आलं. लसूण भाजीत घाला, आलं चहात घाला. काढ्याने १६० चं ७० होत नाही. आणि 'लाल यीस्ट राइस' नावाच्या कॅप्सूल कोणी नैसर्गिक म्हणून सुचवल्या तर त्यातला गुणकारी घटक म्हणजे लोव्हास्टॅटिनच आहे, फक्त किती मिग्रॅ ते माहीत नसलेलं. हे मुळातच नवल नाही. पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एन्दो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरश्या तपासून बुरशीतूनच काढलं होतं.

खाण्याचा उपयोग आहे, पण नेमका कुठे ते बघा. तूप नावापुरतं म्हणता, ठीक. चहासोबतची खारी, बटर, नानकटाई, पुडीतलं फरसाण यांत पामतेल आणि संपृक्त मेद किती जातो ते मोजलं जात नाही. संपृक्त मेद यकृतातले रिसेप्टर कमी करतो, म्हणजे गोळीच्या बरोबर उलट काम. चमचाभर तुपात ३ ग्रॅम संपृक्त मेद, आणि दिवसाची मर्यादा १५ ग्रॅमच्या आत ठेवायची. कोकण-गोव्याकडच्या वाचकांसाठी: खोबरेल तेलात संपृक्त मेद ८५ टक्क्यांच्या वर असतो, एलडीएल वाढतं, फोडणीसाठी शेंगदाणा किंवा सूर्यफूल बरं. घरात माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरवा. इसबगोल रोज १० ग्रॅम, म्हणजे दोन चमचे, मोठा पेलाभर पाण्यातून घेतलं तर एलडीएल ५ ते ७ टक्के उतरतं. हे स्टॅटिनचा डोस एकदा दुप्पट केल्याइतकं झालं, तेही स्नायूंना न दुखवता.

गोळ्या खरंच चालल्या नाहीत तर पुढचं: इझेटिमाइब वर आलंच आहे. बेम्पेडोइक ॲसिड १८० मिग्रॅ हे स्टॅटिनच्याच साखळीत आधीच्या एका पायरीवर काम करतं, पण ते कामाला लावणारं एन्झाइम यकृतात असतं, स्नायूत नसतं, म्हणून स्नायू वाचतात. एलडीएल २० टक्क्यांच्या आसपास उतरतं. युरिक ॲसिड वाढवतं, गाऊट असलेल्यांनी जपून. त्यापलीकडे पीसीएसके९ ला अडवणारी इंजेक्शनं, दर दोन आठवड्यांनी घ्यायची, आणि इन्क्लिसिरान, जे पहिल्यांदा, मग तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी घेतात. एलडीएल निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. खर्च पाहता ही झटका येऊन गेलेल्यांसाठी किंवा आनुवंशिक जास्त कोलेस्टेरॉलसाठी. वडिलांचा विषय तिथवर जाऊ नये.

कृष्णाकाठ

रिपोर्ट आले. सीपीके ६४० (मर्यादा २००). टीएसएच १८.४ (मर्यादेच्या बरंच वर), फ्री टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) मर्यादेच्या खाली. व्हिटॅमिन डी १४. क्रिएटिनिन १.१. गोळी थांबवून आज आठवा दिवस, दुखणं ७ वरून ५. आवाज जरा घोगरा झालाय आणि बद्धकोष्ठ आहे, हे आता विचारल्यावर सांगितलं.

खलबत्ता

म्हणजे थायरॉइड मंद आहे, आणि स्पष्टपणे. घोगरा आवाज, बद्धकोष्ठ, वाढलेलं एलडीएल, कमकुवत मांड्या हे सगळं त्यात बसतं. सीपीके तिप्पट आहे. त्यातला थायरॉइडचा वाटा किती आणि स्टॅटिनचा किती, हे आज सांगता येणार नाही, सांगायची गरजही नाही. उपचार थायरॉइडपासून सुरू होतो.

डॉक्टरांसमोर ठेवायचा बेत असा. थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी). वय आणि मधुमेह पाहता २५ किंवा ५० मायक्रोग्रॅमने सुरू करतील. चालताना छातीत दाब किंवा दम लागत असेल तर ते आधी सांगा, मग आणखी जपून चढवतात. टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी परत, त्याआधी करून उपयोग नाही. तोवर रोसुवास्टॅटिन बंद ठेवायला डॉक्टर बहुधा मान्यता देतील. झटका किंवा स्टेंटचा इतिहास असता तर मी इतक्या सहज असं म्हटलं नसतं. मधल्या काळात काही द्यायचंच झालं तर इझेटिमाइब १० हा सोयीचा पर्याय आहे. सीपीके दोन-तीन आठवड्यांनी एकदा, तो उतरतोय एवढं पाहायला. व्हिटॅमिन डी डॉक्टरांच्या डोसाप्रमाणे भरून काढा.

टीएसएच रुळावर आलं की त्याच दिवशीच्या रक्तात लिपिड प्रोफाइल करा. एलडीएल १६० वरून उतरलेलं असेल, कारण थायरॉइडच्या कमतरतेत रिसेप्टर कमी झालेले असतात. पण मधुमेह आणि ५८ वय आहे, तेव्हा ७० च्या खाली ते एकट्या थायरॉक्सिनने जाईल असं धरू नका. त्या नव्या आकड्यावर रोसुवास्टॅटिन ५ सकाळी, आणि चार आठवड्यांनी वहीतला दुखण्याचा आकडा पाहून पुढचं.

औषधाचं कपाट

थायरॉक्सिनची वेळ आत्ताच बसवून टाका, नाही तर दोन महिन्यांनी टीएसएच तसंच्या तसं दिसेल आणि डोस उगाच वाढेल. सकाळी उठल्याबरोबर, नुसत्या पाण्यासोबत. चहा आणि न्याहारी त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. अँटासिड, कॅल्शियम, लोह यांच्यापासून किमान चार तास लांब. वर रानजाईंनी सुचवलेलं इसबगोलही याच यादीत, ते संध्याकाळी ठेवा. ॲम्लोडिपिन न्याहारीनंतर, मेटफॉर्मिन दोन्ही जेवणांसोबत, रोसुवास्टॅटिन पुन्हा सुरू होईल तेव्हा तेही न्याहारीनंतर. रात्रीचं अँटासिड मग कुणाच्या आड येत नाही.

एखाद्या सकाळी थायरॉक्सिनआधी चहा होऊन गेलाच, तर तो दिवस सोडू नका, गोळी रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी, झोपताना घेतली तरी चालते. त्या दिवशी अँटासिड मात्र नको.

कृष्णाकाठ

वेळापत्रक कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. गुरुवारी डॉक्टरांना भेटतोय, सगळे रिपोर्ट आणि दुखण्याची वही सोबत नेतो. ८ आठवड्यांनी टीएसएच, सीपीके आणि लिपिडचे आकडे इथेच टाकतो.